नाश्त्याला नाशिक

रविवारी सकाळी आठच्या सुमारास नाशिकच्या गंगापूर रस्त्याने किंवा मखमलाबादच्या बाजूने बाहेर पडलं, की मळ्यांमधल्या मिसळीच्या ठिकाणांबाहेर गाड्यांच्या रांगा लागलेल्या दिसतात. नंबरप्लेट वाचत गेलं तर एमएच १५ च्या जोडीला ठाण्याची ०४, पुण्याची १२ आणि धुळ्याची १८ हमखास सापडते. मोड आलेली मटकी, काळ्या मसाल्याचा रस्सा, वर शेव, बाजूला पापड, दही, पाव आणि शेवटी जिलेबी. एवढ्यासाठी शे-दीडशे किलोमीटर गाडी हाकणाऱ्याला आपल्याकडे कुणी वेडा म्हणत नाही. खाण्यासाठी केलेला प्रवास आपल्याला सहज समजतो.

अमेरिकेत हाच प्रवास हजारो लोक छोट्या विमानाने करतात. शनिवार-रविवारी हवा चांगली असली, की दोन किंवा चार आसनांचं विमान काढायचं, पाऊण तास-तासाभरावरच्या एखाद्या लहानशा विमानतळावर उतरायचं, धावपट्टीच्या कडेच्या खानावळीत जेवायचं आणि दिवस मावळायच्या आत घरी परतायचं. तिथल्या वैमानिकांनी या प्रकाराला 'शंभर डॉलरचा हॅम्बर्गर' असं नाव दिलं आहे. पदार्थ चार पैशांचा, पण इंधन आणि विमानाचं भाडं धरलं तर तो शंभर डॉलरला पडतो, हा त्याचा अर्थ. हे नाव पडलं त्याला बराच काळ लोटला. आता शंभर डॉलरमध्ये ती फेरी होत नाही, पण नाव टिकलं आहे.

वरवर पाहता ही चैन वाटते. पण वैमानिकाच्या दृष्टीने तिच्यात एक फार उपयोगाची गोष्ट आहे. नाशिकच्या आकाशाचा, डोंगरांचा आणि हवेचा आधार घेऊन ती समजून घेता येते.

निमित्त लागतंच

विमान चालवण्याचं कौशल्य सायकलीसारखं नसतं. सायकल एकदा आली की आली. विमान उतरवण्याचा हात मात्र महिना-दोन महिने सराव नसला तरी बोथट होतो. म्हणूनच अमेरिकेत नियम आहे, की प्रवासी सोबत घ्यायचे असतील तर वैमानिकाने मागच्या ९० दिवसांत किमान ३ वेळा विमान उडवून उतरवलेलं असलं पाहिजे. परवाना हातात आहे, पण कामासाठी उडायचं नाही, अशा हौशी वैमानिकापुढे प्रश्न असतो तो हाच : सराव करायचा, पण जायचं कुठे? एकाच धावपट्टीभोवती घिरट्या घालून हात चालू राहतो, पण नकाशा वाचणं, हवामानाचा अंदाज घेणं, अनोळखी विमानतळावर उतरणं, इंधनाचा हिशेब ठेवणं या गोष्टी घिरट्यांत शिकता येत नाहीत. त्यासाठी दुसऱ्या गावी जावं लागतं. आणि दुसऱ्या गावी जाण्याचं सर्वांत जुनं, सर्वांत निरुपद्रवी निमित्त म्हणजे जेवण.

अमेरिकेत हे जमतं याचं एक कारण तिथल्या विमानतळांची संख्या. सर्वांसाठी खुले असलेले पाच हजारांच्या आसपास विमानतळ त्या देशात आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य ठिकाणी प्रवासी कंपनीचं एकही विमान जात नाही. एक धावपट्टी, दोन-चार हँगर, इंधनाचा पंप आणि एखादी खानावळ, एवढाच संसार. आपल्या देशात प्रवासी विमानं जातात असे विमानतळ दीडशेच्या पुढे गेले आहेत आणि त्यांचा सगळा घाट प्रवासी वाहतुकीसाठीच असतो. छोट्या विमानाची दुनिया आपल्याकडे राहिली ती मुख्यतः प्रशिक्षणाच्या धावपट्ट्यांवर.

अशा धावपट्ट्या उत्तर महाराष्ट्रात मात्र चांगल्या रुजल्या आहेत. १९२८ पासून जुहूला नांदलेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचं वैमानिक प्रशिक्षण आता धुळ्याजवळच्या गोंदूर विमानतळावरून चालतं. शिरपूरजवळ तांडे इथे प्रशिक्षण संस्था आहे, जळगावलाही आहे. कांदिवलीत घराच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांच्या सहा आसनी विमानाच्या उड्डाण चाचण्याही धुळ्यातच झाल्या. खानदेशचं आकाश छोट्या विमानाला अनोळखी नाही.

म्हणून आपली कल्पनेतली सहल धुळ्याहूनच काढू. गोंदूरहून निघायचं, नाशिकच्या ओझर विमानतळावर उतरायचं, मिसळ खायची आणि परत फिरायचं. सरळ रेषेत हे अंतर साधारण १२० किलोमीटर भरतं. विमान समजा सेसना १७२. चार आसनं, एक इंजिन, पंख छपराच्या वर. १९५६ पासून ४४ हजारांहून अधिक बनलेलं हे जगातलं सर्वाधिक संख्येचं विमान. ताशी २०० किलोमीटरच्या आसपास वेगाने ते ही वाट चढ-उतार धरून पाऊण तासात कापतं.

वजनाचा हिशेब आणि द्राक्षांची पेटी

मोटारीत चार माणसं बसली, डिकी भरली आणि टाकी फुल केली तरी गाडी कुरकुर न करता निघते. विमानात तसं नसतं. उड्डाणाआधी वैमानिक कागदावर जो पहिला हिशेब मांडतो, त्याला 'वेट अँड बॅलन्स' म्हणतात.

सेसना १७२ च्या अलीकडच्या आवृत्तीचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन १,१५७ किलो. रिकामं विमान साडेसातशे किलोच्या थोडं पुढे असतं. म्हणजे माणसं, सामान आणि इंधन मिळून उरतात साधारण ३९० ते ४०० किलो. टाक्या पूर्ण भरल्या तर वापरता येण्याजोगं इंधन २०० लिटर. त्याचं वजन १४५ किलोच्या आसपास. उरले अडीचशे. त्यात ऐंशी किलोची तीन माणसं बसली, की चौथं आसन रिकामं ठेवावं लागतं. चार आसनांचं विमान म्हणजे दर वेळी चार माणसांचं विमान नव्हे, हा शिकाऊ वैमानिकाचा पहिला धडा.

आपली वाट जवळची असल्याने तडजोड करता येते. पंचाहत्तर किलोची चार माणसं म्हणजे ३०० किलो. उरलेल्या ९५ किलोंत १३० लिटर इंधन मावतं. हे विमान तासाला ३० ते ३५ लिटर पितं. जाऊन-येऊन दोन तास धरले तरी ७० लिटर पुरेत, बाकीचं राखीव. जाताना साधारण ३० लिटर, म्हणजे २० किलोंहून थोडं अधिक इंधन जळून जाईल. परतीला तेवढीच जागा मोकळी झाली. जानेवारी-फेब्रुवारीचे दिवस असले तर पिंपळगावच्या बाजूची द्राक्षं घेऊन येण्याचा मोह कुणाला होणार नाही? चार किलोंच्या चार-पाच पेट्या या हिशेबात बसतात.

पण पेट्या कुठे ठेवल्या हेही पाहावं लागतं. विमान ज्या बिंदूवर तोललं जातं, तो गुरुत्वमध्य ठरावीक पट्ट्यातच राहिला पाहिजे. मागच्या सामानाच्या कप्प्यात वजन वाढलं की हा बिंदू शेपटीकडे सरकतो. तो जास्त मागे गेला तर विमानाचं नाक आपोआप वर जाऊ पाहतं, वेग कमी झाल्यावर ते खाली आणणं अवघड होतं आणि पंखांवरची हवा तुटून विमान कोसळण्याचा धोका निर्माण होतो. या विमानाच्या मागच्या कप्प्याची मर्यादा ५४ किलो. मागच्या आसनांवर दोन जाडजूड माणसं असतील तर तीही पूर्ण वापरता येत नाही. बैलगाडीत माल भरताना गडी जू उचलून पाहतो, गाडी मागे जड, म्हणजे 'उलाळ', झाली की पुढे जड, म्हणजे 'धुराळ', हे तपासतो. वैमानिकाचा हिशेब त्याच जातीचा आहे. फरक एवढाच, की चूक झाली तर रस्त्यावर थांबून माल पुढे सरकवता येत नाही.

ओझर की कळसूबाई?

दुसरा हिशेब हवेचा. नाशिककर उन्हाळ्यात उकाड्याने हैराण होतो, पण विमानावर उकाड्याचा परिणाम त्याहून खोल असतो.

विमानाला हवा तीन ठिकाणी लागते. पंखांना उचल हवेतून मिळते, पंखा हवाच कापून पुढे ओढतो आणि इंजिन इंधन जाळण्यासाठी हवाच आत घेतं. हवा विरळ झाली की तिन्ही ठिकाणी एकदम तूट येते. उंचीवर हवा विरळ असते हे आपल्याला माहीत असतं, पण तापलेली हवाही विरळच असते. म्हणून वैमानिक समुद्रसपाटीपासूनच्या उंचीसोबत आणखी एक उंची काढतात : आजची ही हवा प्रमाण हवामानात किती उंचीवर मिळाली असती? तिला घनता-उंची म्हणतात.

ओझरची उंची १,९०० फुटांच्या आसपास आहे. प्रमाण हवामानात तिथलं तापमान ११ अंश सेल्सिअस असायला हवं. एप्रिलच्या दुपारी पारा ४० वर गेला, तर फरक २९ अंशांचा झाला. दर अंशामागे साधारण १२० फूट ही वैमानिकांची ढोबळ पद्धत. गुणाकार करून मूळ उंचीत मिळवला, की घनता-उंची येते जवळपास ५,४०० फूट. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट! वैशाखातल्या दुपारी ओझरच्या धावपट्टीवर उभं असलेलं विमान, हवेच्या हिशेबाने, कळसूबाईच्या माथ्यावरून उडायला निघालेलं असतं. धावपट्टीवरची धाव लांबते, वर चढण्याचा वेग घटतो आणि सकाळी सहज झेपलेली चार माणसं दुपारी जड होतात.

ओझरची धावपट्टी लढाऊ विमानांसाठी बांधलेली, जवळपास तीन किलोमीटर लांबीची. तिथे धाव लांबल्याने बिघडणार नाही. पण छोट्या धावपट्टीवर हाच फरक जीवघेणा ठरू शकतो.

आता हिवाळ्यातली सकाळ घ्या. शेजारच्या निफाडला थंडीत पारा पाच अंशांखाली गेल्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो. ओझरला सकाळी दहा अंश तापमान असलं, तर घनता-उंची प्रत्यक्ष उंचीहूनही थोडी कमी भरते. विमान टणाटण उचललं जातं. शिवाय सकाळी जमीन तापलेली नसते. ऊन चढलं की काळ्या शेतांवरून, उघड्या खडकांवरून तापल्या हवेचे लोट वर उठू लागतात आणि लहान विमान खडबडीत रस्त्यावरच्या एसटीसारखं हादरतं. मात्र थंडीत पहाटे गोदाकाठी धुकं असतं. ते फिटेपर्यंत थांबायचं, ऊन चढायच्या आत उतरायचं. मिसळ ही नाशिककरांची सकाळची गोष्ट आहे आणि विमानालाही सकाळच मानवते, हा सुंदर योग आहे.

महामार्ग डाव्या हाताला

हौशी वैमानिक बहुधा डोळ्यांनी पाहून उडतो. त्यासाठी दृश्यमानता किमान ५ किलोमीटर असावी लागते आणि ढगांपासून आडवं १,५०० मीटर व उभं १,००० फूट अंतर ठेवावं लागतं. आपल्याकडे रात्री असं उडता येत नाही.

गोंदूरहून नैर्ऋत्येला निघालं, की मुंबई-आग्रा महामार्ग डाव्या हाताला सोबत करतो. उंची घ्यायची ६,५०० फूट. ही मनाने ठरवलेली नसते. पश्चिमेच्या अर्ध्या वर्तुळाकडे जाणाऱ्यांनी सम हजारांवर पाचशे आणि पूर्वेच्या अर्ध्याकडे जाणाऱ्यांनी विषम हजारांवर पाचशे फूट धरायचे, असा नियम आहे. त्यामुळे समोरासमोर येणारी विमानं आपोआप हजार फुटांनी वेगळी होतात. परतताना ७,५०० धरायचे.

डावीकडे दूर मालेगाव आणि गिरणा-मोसमचा संगम दिसतो. पुढे सातमाळ्याची रांग आडवी येते. उजवीकडे धोडपचा किल्ला : माथ्यावरची ती ताशीव भिंत आणि तिला पडलेली खिंड आकाशातूनही चुकत नाही. नकाशावर बोट ठेवून 'आपण इथे आहोत' म्हणायला याहून चांगली खूण कुठली? डावीकडे राहुडचा घाट आणि चांदवड मागे पडलं, की जमीन एकदम हिरवी होते. निफाड-पिंपळगावच्या द्राक्षबागांचे आखीव चौकोन सुरू होतात आणि समोर ओझर.

हे सगळं सांगण्याचं कारण, की या वाटेवर परत फिरण्याची जागाही आधीच ठरवून ठेवायची असते. सातमाळ्याचे माथे ढगांत असले तर? धूसरतेत धोडप दिसलाच नाही तर? अशा वेळी वळून धुळ्याला परतायचं. वैमानिकांच्या अपघातांमागे वारंवार आढळणारं एक कारण म्हणजे 'पोहोचायचंच' हा हट्ट. लग्नाला, बैठकीला, रुग्णाला पाहायला निघालेल्या माणसाला तो हट्ट सोडणं जड जातं. हवा बिघडताना दिसते, तरी मन म्हणतं, थोडंच राहिलं आहे. मिसळीसाठी निघालेल्या माणसावर असा दाब नसतो. मिसळ पुढच्या रविवारीही मिळते. निमित्त हलकं असतं, म्हणून परत फिरण्याची सवय त्यावर लावून घेता येते. हीच सवय पुढे, निमित्त जड असेल तेव्हा, वैमानिकाचा आणि सोबतच्यांचा जीव वाचवते. खाण्यासाठी केलेल्या उड्डाणाची खरी कमाई ही आहे.

आकाशात निघालेल्याला जमिनीवरच्या परिस्थितीपुढे नमावं लागतं, हे आपल्याकडे विमानाच्या आरंभापासून ठाऊक आहे. जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेला तो पहिला परवाना. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून टपाल घेऊन पुस मॉथ हे एक इंजिनाचं छोटं विमान अहमदाबादमार्गे जुहूला आणलं. अहमदाबादला विमानासाठी इंधनाचे डबे आले ते बैलगाडीतून. जुहूचं मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, म्हणून ते दिवस टाटांची विमानं पुण्याला येरवड्याच्या मैदानावर मुक्काम हलवत. इंधन, कोरडी जमीन आणि खाली वाट पाहणारं कुणीतरी : छोट्या विमानाच्या गरजा तेव्हा या होत्या, आजही याच आहेत.

उतरण्याआधीची कागदपत्रं

ओझरचं विमानतळ हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं आहे. १९६४ मध्ये मिग विमानांच्या बांधणीसाठी त्या कंपनीचा इथला कारखाना उभा राहिला. तो नाशिकला येण्याचं श्रेय तेव्हाचे संरक्षणमंत्री आणि नाशिकचे खासदार यशवंतराव चव्हाण यांना दिलं जातं. मिगनंतर इथे सुखोई-३० बांधली गेली. प्रवाशांसाठीची इमारत २०१४ मध्ये सुरू झाली. म्हणजे एकाच धावपट्टीवर चाचणीची लढाऊ विमानं आणि प्रवासी विमानं नांदतात. इथे छोट्या विमानाने यायचं तर आधी परवानगी हवी.

त्याशिवाय प्रत्येक उड्डाणासाठी फ्लाइट प्लॅन दाखल करावा लागतो आणि दोन क्रमांक घ्यावे लागतात. एक हवाई संरक्षणाचा, म्हणजे आकाशात दिसणारं हे विमान कुणाचं आहे हे हवाई दलाला कळावं यासाठी. दुसरा उड्डाण माहिती केंद्राचा. सोबत 'नोटॅम' वाचायचे, म्हणजे कुठली धावपट्टी बंद आहे, कुठल्या आकाशात मज्जाव आहे याच्या सूचना. नाशिकला त्या विशेष महत्त्वाच्या. देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि गोळाबाराच्या सरावाच्या वेळी त्या पट्ट्यावरचं आकाश टाळावं लागतं. नाशिकरोडजवळ गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं.

ओझरला उतरताना आणखी एक काळजी घ्यायची. मोठं विमान नुकतंच गेलं असेल तर त्याच्या पंखांच्या टोकांपासून सुटलेले हवेचे भोवरे काही मिनिटं मागे रेंगाळतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण हजार-बाराशे किलोंचं विमान उलटवण्याची ताकद त्यांच्यात असते. म्हणून नियंत्रण कक्ष लहान विमानाला थांबायला सांगतो आणि वैमानिक मोठ्या विमानाच्या वाटेपेक्षा वरच्या वाटेने येऊन, ते जिथे टेकलं त्याच्या पुढे टेकतो.

पोटातली हवा आणि परतीची वाट

ओझरहून नाशिक शहर वीस किलोमीटरच्या पुढे. गाडी सांगून ठेवलेली बरी. आता मिसळ समोर आली आहे. वैमानिकाने किती खावं?

उपाशीपोटी उडणं चुकीचंच. रक्तातली साखर उतरली की निर्णयशक्ती मंदावते. पण भरपेट खाल्ल्यावर येणारी सुस्तीही तितकीच वाईट. त्यात मिसळीचा स्वभाव कडधान्याचा. मटकी-वाटाण्यातल्या काही शर्करा आपल्या आतड्यात पचत नाहीत. तिथले जिवाणू त्या फोडतात आणि वायू तयार होतो. जमिनीवर तो सहन होतो. छोट्या विमानात मात्र मोठ्या विमानासारखा आतला दाब राखण्याची सोय नसते. उंची वाढली की बाहेरचा दाब उतरतो आणि पोटातला वायू फुगतो. ओझरच्या जमिनीवर १०० मिलिलिटर असलेला वायू ७,५०० फुटांवर १२५ च्या जवळ जातो. पोट ताणतं, कळा येतात, लक्ष विचलित होतं. शिवाय विमानात स्वच्छतागृह नसतं. म्हणून जाणता वैमानिक रस्सा बेताने घेतो, पाणी पितो, तासभर विसावतो आणि मगच विमानाकडे वळतो.

नाशिक द्राक्षांच्या जोडीने वाइनसाठीही नावाजलेलं. पण आपल्याकडच्या नियमाप्रमाणे उड्डाणाआधीच्या १२ तासांत मद्याला स्पर्शही करायचा नाही. वैमानिकाने द्राक्षंच घ्यावीत.

परतीच्या आधी हिशेब पुन्हा मांडायचा. सकाळचं तापमान आता राहिलेलं नाही, वारा फिरलेला असतो, इंधन कमी झालं आहे, पेट्या वाढल्या आहेत. ओझरला इंधन भरू, असं गृहीत धरूनही चालत नाही. छोट्या पिस्टन इंजिनांना लागतं ते एव्हगॅस, आणि ते मोजक्याच ठिकाणी मिळतं. प्रवासी विमानांचं इंधन त्यांना चालत नाही. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये देशात बनवलेलं एव्हगॅस बाजारात आणलं. तोवर ते परदेशातून येत असे. म्हणून परतीचं इंधन धुळ्याहूनच सोबत आणलेलं असतं.

धाब्यासारखी धावपट्टी

ही सहल आज कुणाला करता येईल? वयाची १७ वर्षं पूर्ण केलेल्या, वैद्यकीय तपासणी आणि परीक्षा पार केलेल्या, किमान ४० तास उडालेल्या माणसाला खासगी वैमानिकाचा परवाना मिळतो. त्याने मित्रांना सोबत न्यावं, पण भाडं घेऊ नये. नियमांत मिसळीच्या आड काही येत नाही. आड येते ती सोय. विमान लावलं त्या जागेपासून फाटकापर्यंतची तपासणी, फाटकापासून शहरापर्यंतची गाडी, एव्हगॅसचा अभाव आणि परवानग्यांसाठी आधी घालवावे लागणारे दिवस. हे सगळं पार करताना सकाळच निघून जाते.

ओझर हे संरक्षणाचं विमानतळ. तिथली शिस्त समजण्यासारखी आहे आणि ती असलीच पाहिजे. पण गोंदूर, बारामती, शिरपूर अशा प्रशिक्षणाच्या धावपट्ट्यांवर वेगळा विचार करता येण्याजोगा आहे. मुंबई-आग्रा महामार्ग नुसत्या डांबराने नांदता झाला नाही. ट्रकवाले थांबले, म्हणून धाबे आले. धाबे आले, म्हणून पंक्चरवाला, पंप आणि वस्ती आली. जेवणाची जागा ही प्रवासाच्या वाटेवरची पहिली वस्ती असते. धावपट्टीलाही तसाच एक धाबा हवा : कुंपणाच्या कडेला चार बाकं, चुलीवर रस्सा, इंधनाचं पिंप, पेट्या तोलायला एक काटा आणि आत-बाहेर जायला एक साधं, नीट राखलेलं फाटक. मग धुळ्याचा वैमानिक बारामतीला जाईल, बारामतीचा जळगावला भरीत खायला येईल, आणि शिकाऊ पोरांना क्रॉस-कंट्रीच्या उड्डाणात दुसऱ्या गावी कुणीतरी ओळखीचं भेटेल.

अशा बाकांवर कुंपणापलीकडचे लोकही येतील. ओझर-पिंपळगावच्या मुलांना सुखोईचा आवाज पाठ असतो. वर्गात शिक्षकांचा शब्द त्या आवाजात बुडतो, पोरं खिडकीकडे धावतात, पण तोवर विमान ठिपका झालेलं असतं. छोटं विमान तसं निघून जात नाही. ते बाकांपासून चार पावलांवर येऊन थांबतं, पंखा फिरायचा थांबतो, दार उघडून एक साधा माणूस खाली उतरतो आणि भूक लागली म्हणतो. त्या पंखाला हात लावून पाहता येतो. एखादं पोर तो लावेल आणि विचारेल, हे एवढंसं वर कसं जातं? उत्तर द्यायला वैमानिकाकडे तेव्हा वेळ असतो. कारण मिसळ यायची असते.